पांढऱ्या पाठीची सोनकी

“तो पीस खराब नाही, त्याचं ड्रॉइंगच वेगळं आहे.”

सरिता विधाते हे एकदाच बोलली, आणि तेही कारखान्यात नाही, डोंगरावर. समोर जेसीबी घरघरत होता. त्याच्यामागे कंपनीचे हिरवे टी-शर्ट घातलेली चाळीस माणसं उभी होती आणि तिच्या पायांशी गुडघ्याएवढी पिवळी फुलं. बाहेरच्या कुणाला हे वाक्य वेड्यासारखं वाटलं असतं. पण ती चाळीसही माणसं नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतली होती. कारखान्यात प्रत्येक वस्तू कागदावरच्या एका ड्रॉइंगप्रमाणे बनते, आणि ड्रॉइंग वेगळं असेल तर ती वस्तू चुकलेली नसते, ती दुसरीच असते, हे त्यांना जेवणाच्या डब्याइतकं ठाऊक होतं.

सरिता सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. नखाएवढे पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या पोकळ नळ्या, तिच्या टेबलावर ओततात. डोक्यावर ट्यूबलाइट, हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग, पुढ्यात तीन ट्रे. हिरव्यात चांगला माल. लालमध्ये फेकायचा. पिवळ्यात ज्याच्याबद्दल शंका आहे तो. पिवळ्या ट्रेवर ती एक पिवळं कार्ड अडकवते, त्यावर ‘होल्ड’ असं लिहिलेलं असतं, खाली कारण आणि तिची सही. ते कार्ड लागलं की मालकसुद्धा तो ट्रे उचलत नाही. ज्यानं होल्ड लावला त्यानंच काढायचा, हा त्या कारखान्याचा नियम. सरिताचा होल्ड आजवर खोटा ठरला नव्हता. खोटा होल्ड एकदा लावला की पुढच्या खऱ्या होल्डसाठी कुणी थांबत नाही, असं ती नव्या मुलींना सांगते.

तिचे हात बघण्यासारखे आहेत. बुश बोटांतून धान्यासारखे वाहतात, आणि मध्येच एक बोट थांबतं. तो एक बुश लालमध्ये पडतो. काय दिसलं, विचारलं तर म्हणते, “दिसत नाही काही. खटकतं.”

हे खटकणं ती सातपूरला यायच्या आधीच शिकली होती. माहेर पिंपळगाव बसवंतजवळचं, द्राक्षबागेचं. छाटणीनंतर नवी पानं फुटली आणि आभाळ आलं की वडील, म्हणजे तात्या, तिला मांडवाखाली पाठवायचे. ती बुटकी होती, तिला वाकावं लागायचं नाही. “पानाचं तोंड बघू नको, पाठ बघ,” तात्या सांगायचे. पाठीवर पांढरं दिसलं की डावणी. ती बुरशी एका रात्रीत ओळी खाते. आठ वर्षांची पोर पांढऱ्या पाठीचं पान खुडून पिशवीत टाकायची आणि ती पिशवी बांधावर जाळली जायची. त्या धुराचा वास तिच्या अंगात राहिला. पानाच्या मागे पांढरं म्हणजे भीती, म्हणजे खुडा, म्हणजे जाळा. पुढे कारखान्यानं तिला तेच दुसऱ्या भाषेत शिकवलं.

फुलं तिच्या आयुष्यात सात वर्षांपूर्वी आली, तीही एका फजितीतून.

कंपनीची सहल पेठ रोडनं टाकीच्या माळावर गेली होती. कातळात खोदलेली पाण्याची जुनी टाकी आहे, म्हणून टाकीचा माळ. सप्टेंबर संपत आला होता, डोंगर पिवळा झाला होता. पर्सोनेलचे धनराज साहेब, जे ट्रेनी असताना सरिताच्याच टेबलावर काम शिकले होते, पायथ्याच्या पिवळ्या रानात शिरले आणि हात पसरून म्हणाले, “काढा फोटो! काय सोनकी फुललीये!”

बांधावरून एक बाई ओरडली, “ओ दादा, ती सोनकी नाय! माझी खुरसणी हाय! तिचं तेल खाते मी. पाय काढा भायेर!”

सगळे हसले. धनराजसुद्धा हसत, बूट उचलून उचलून बाहेर आला. सरिता तेवढी हसली नाही. दोन वेगळे माल एकत्र झाले होते आणि तिला, इन्स्पेक्शनच्या बाईला, ते कळलं नव्हतं. एका डब्यात दुसऱ्या डब्यातला पीस जाणं, मिक्सअप, यापेक्षा मोठी शिवी तिच्या टेबलावर नव्हती.

तिनं बांधावरच्या बाईची, म्हणजे ठमाबाई भोये यांची, परवानगी मागून खुरसणीचं एक झाड उपटलं. वर जाऊन सोनकीचं एक आणलं. दोन्ही कातळावर शेजारी ठेवली. आणि मग तिला दिसायला लागलं. खुरसणीची पानं जोडीनं, समोरासमोर. सोनकीची एक या बाजूला, एक त्या बाजूला, जिना चढल्यासारखी. खुरसणीची पाकळी रुंद, टोकाशी दातेरी. सोनकीची अरुंद, लांबट. पर्समध्ये भिंग होतंच. तिनं ते सोनकीच्या मधल्या पिवळ्या टिकलीवर धरलं.

“अहो!” ती नवऱ्याला ओरडली. “अहो, इकडे या! हा एक पीस नाही हो! हा अख्खा लॉट आहे!”

तिचा नवरा समाधान टाकीच्या काठावर भेळ कालवत होता. त्याला वाटलं साप निघाला. तो धावत आला तर बायको गुडघ्यांवर, डोळ्याला भिंग. त्यानंही बघितलं. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते एक नव्हतंच. मधल्या टिकलीत इवल्या नळ्यांची दाटी होती, प्रत्येक नळी म्हणजे एक पुरतं फूल, पाच टोकांचं तोंड असलेलं, मधून दुभंगलेली जीभ बाहेर काढलेलं. आणि कडेच्या ज्यांना पाकळ्या म्हणतात त्यासुद्धा एकेक फूलच. शंभर माणसांनी एका घराचं सोंग घ्यावं तसं ते फूल उन्हात उभं होतं.

“मग आपण देवाला एक फूल वाहतो म्हणजे किती वाहतो?” समाधाननं विचारलं.

“मोजावं लागेल,” ती म्हणाली. ती खरंच मोजायला बसली.

त्यानंतर तिचे रविवार बदलले. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, गाजरगवत, सगळं एकाच कुळातलं, हे कळल्यावर तर तिला रस्त्यानं चालवेना. कंपनीच्या भिंतीखालची एकदांडी आणि गटाराकाठचा माका यांची तिनं आळीभर परीक्षा घेतली. दोघांची फुलं पांढरट, दोघंही पायाखालचे. शेजारच्या भिमाबाईंनी एकदा केसांच्या तेलासाठी पाल्याची पाटी आणली, कढई चुलीवर चढली होती. सरितानं दोन पानं बोटांत चोळली आणि बोट त्यांच्यापुढे धरलं.

“काळं झालं का?”

“नाही.”

“मग हा माका नाही. माका चोळला की बोट काळं होतं. आणि हे बघा, लांब दांडी, टोकाला एकटं फूल. ही एकदांडी.”

“मेली, तीन महिने हेच लावतेय मी!” भिमाबाई म्हणाल्या. “तरीच म्हटलं केस वाढायचे सोडून मला झोपच जास्त येते.”

घरात वर्तमानपत्रांच्या थप्प्या वाढल्या. पिठाच्या डब्याखाली, गादीखाली, फ्रिजवर, सगळीकडे झाडं दाबून वाळत होती. “आमच्याकडे पेपर उघडला की बातमीच्या आधी गवत पडतं,” समाधान पाहुण्यांना सांगायचा. पण तोच तिला मोटारसायकलवर माळावर न्यायचा, तोच सुकलेली झाडं जाड कागदावर शिवायला दोरा ओवून द्यायचा.

टाकीच्या माळावरची सोनकी हा तिचा मुख्य माल. सात पावसाळे, साठ कागद. आणि ते कागद निवडण्यात ती कारखान्यातल्यासारखीच कडक. खोड सरळ हवं. फूल पूर्ण हवं. पान किडलेलं नको. माळाच्या वरच्या अंगाला, टाकीच्या खाली, जिथे कातळावर बोटभर माती आहे, तिथल्या सोनकीची पानं मागून पांढरी असायची. सरितानं पहिल्याच वर्षी एक पान उलटं केलं आणि तिचा हात आपोआप मागे गेला. डावणी. झाड तिनं दूर फेकलं आणि हात पाण्यानं धुतला. पुढच्या वर्षीही तेच. लाल ट्रे.

चार वर्षांपूर्वी ठमाबाई तिच्याबरोबर वर आल्या होत्या. सरितानं फेकलेलं झाड त्यांनी उचलून आणलं.

“ही का टाकली, बाई?”

“रोगट आहे मावशी. डावणी म्हणतात. आमच्याकडे बागेवर येते.”

“रोग नाय त्यो. ही अशीच असती. ही कापशी. आमची म्हातारी कापशीच म्हणायची. ती खालची येगळी, ही येगळी.”

“मावशी, मी लहानपणापासून डावणी बघितलीय. वेळेवर फवारलं नाही ना, तर सगळ्या माळावर पसरेल.”

ठमाबाई खो खो हसल्या. “रानाला कोण फवारतो गं? देव काय पंप घिऊन येतो पाठीवर?”

सरिताही हसली. आणि तिनं झाड पुन्हा फेकलं.

या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी ती साठ कागदांचा गठ्ठा घेऊन गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात गेली. तिथल्या पल्लवी मॅडम वनस्पती शिकवतात, सुकवलेल्या झाडांचं जिल्ह्याचं कपाट त्यांच्याकडे आहे. पल्लवी मॅडमनी एकेक कागद उलटला.

“सुंदर,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझ्या विद्यार्थ्यांनी शिकावं असं काम आहे. पण विधातेबाई, साठच्या साठ एकच जात.”

“म्हणजे?”

“सगळी साधी सोनकी. त्या पट्ट्यात सोनकीची भावंडं असायला हवीत. एक तर नक्की. पान मागून पांढरं असतं तिचं, लोकरीसारखं. आपल्या कपाटात नाशिकचा तिचा एकही कागद नाही. तुम्ही सात वर्षं फिरताय, तुम्हाला कधी दिसली नाही?”

सरिताचं बोट वरच्या कागदावर थांबलं.

“मागून पांढरं... ती डावणी असते ना?”

“डावणी? द्राक्षाची?” पल्लवी मॅडम हसल्या, मग तिचा चेहरा बघून थांबल्या. “तुम्ही फेकून दिलीत?”

“सात वर्षं.”

ती उठून खिडकीपाशी गेली. मग वळली तेव्हा तिचे डोळे चमकत होते, आणि ती इतक्या वेगानं बोलायला लागली की पल्लवी मॅडमना चष्मा काढावा लागला.

“मॅडम, मी मूर्ख आहे! ऐका. दोष कधी सगळ्या पिसांवर एकाच जागी येत नाही. एकावर ओरखडा इकडे, दुसऱ्यावर तिकडे, दहा पीस चांगले, एक वाईट. तसा असतो दोष. डावणी आली तर चार पानांवर येईल, सहा सोडेल. पानाच्या तोंडावर पिवळा डाग पडेल. आणि तिथे तर प्रत्येक झाडाचं प्रत्येक पान मागून पांढरं, कडेपासून कडेपर्यंत, आणि तोंड स्वच्छ! दर वर्षी! जो दोष प्रत्येक पिसावर त्याच जागी येतो तो दोष नसतो हो मॅडम, तो नमुना असतो!”

“मला ती आणून द्या,” पल्लवी मॅडम म्हणाल्या. “मुळासकट, फुलासकट, पिकलेल्या बियांसकट. बी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी नाव देणार नाही. फोटोवर तर नाहीच.”

कॉलेजच्या फाटकाबाहेर रिक्षा शोधताना तिचा फोन वाजला. कंपनीचा ग्रुप. पाऊस लांबल्यामुळे राहिलेलं वृक्षारोपण येत्या रविवारी. पाचशे झाडं. जागा, टाकीचा माळ, टाकीखालच्या वरच्या पट्ट्यासकट. खड्डे यंत्रानं. सोबत फोटो होता, मोकळ्या कातळाचा, त्यावर पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या चौकटी. फोटोच्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी धुरकट दिसत होतं. स्वयंसेवकांच्या यादीत अकरावं नाव तिचं होतं.

शनिवारी तिनं रजा टाकली. समाधाननं पहिली पाळी बदलून घेतली. सकाळी सातला ते माळावर होते. धुकं कातळावरून ओल्या चादरीसारखं ओढत चाललं होतं आणि त्याच्या खालून पिवळा रंग उजळत होता. सरिता अक्षरशः धावली. पट्ट्यापाशी पोचून तिनं पहिलं पान उलटं केलं.

पांढरं.

तिनं अंगठा ओला करून पाठीवर घासला. डावणी असती तर बुरशी पुसून आली असती, बोटावर पीठ राहिलं असतं. बोट स्वच्छ. तिनं भिंग लावलं. लहानपणी तात्यांच्या भिंगातून डावणी मिठाच्या कणांसारखी दिसायची, चमकणारी, सुटी. इथे धागे होते. एकात एक गुंतलेले, मऊ, विणल्यासारखे. कुणीतरी पानाच्या पाठीला घोंगडी शिवली होती.

“लोकर आहे!” ती म्हणाली. “अहो, हिनं स्वेटर घातलाय!”

“आणि तू सात वर्षं तिला थंडीत फेकत होतीस,” समाधान म्हणाला.

मग तिनं काम सुरू केलं. घाईनं खूश होऊन चालणार नव्हतं. साध्या सोनकीतलीच काही झाडं पांढरी होत असतील तर? तिनं पट्ट्यातली शंभर झाडं बघितली, न उपटता, एकेकाचं खालचं, मधलं, वरचं पान उलटं करून. मग खालच्या उतारावरची शंभर. समाधान वहीत रेघा मारत होता. वरच्या पट्ट्यात शंभरातली अठ्ठ्याण्णव पांढरी, दोन साधी. खालच्या उतारावर शंभरच्या शंभर साधी. अर्धवट पांढरं असं एकही नाही. पट्टा तिनं पावलांनी मोजला. लांबी चाळीस पावलं, रुंदी बारा. माळावर दुसरीकडे कुठे नाही. आणि त्या चाळीस बाय बारामध्ये फक्कीच्या तेवीस चौकटी.

ठमाबाई दुपारी भाकरी घेऊन वर आल्या. सरितानं त्यांच्या हातात ते पान उलटं करून ठेवलं.

“मावशी, तुमची कापशी.”

“मग? मी काय म्हनलं व्हतं?” ठमाबाई म्हणाल्या. “फवारलं का न्हाई अजून?”

समाधानला हसू आवरेना. सरितानं मान खाली घालून हसून घेतलं. मग तिनं ठमाबाईंना फक्कीच्या चौकटी दाखवल्या. ठमाबाईंचं हसू गेलं.

“हितं झाडं? हितं माती कुठंय मूळ धरायला? माझ्या बांधाला लावा म्हनावं, आंबा लावा, जांभूळ लावा. धा येळा सांगितलं त्या सायबाला. त्याला वरूनच फोटो पायजे.”

संध्याकाळी घरी सरितानं जुन्या फाइलचा पिवळा पुठ्ठा कापला. बारा कार्डं. प्रत्येकावर जाड पेननं ‘होल्ड’. खाली कारण. खाली सही. समाधान बघत होता.

“आणि सोमवारी मॅडम म्हणाल्या साधीच आहे, तर?”

“तर मी सव्वीस वर्षांत पहिला खोटा होल्ड लावला असं होईल. चाळीस माणसांसमोर.”

“मग?”

“सुतळी कुठे ठेवलीय?”

रविवारी आठ वाजता जेसीबी चढून आला. मागून हिरवे टी-शर्ट. पट्ट्याच्या कडेनं बारा काठ्या रोवलेल्या होत्या, काठ्यांना सुतळी, सुतळीवर बारा पिवळी कार्डं वाऱ्यावर हलत होती. जेसीबीवाला पुढे सरकला. पण त्याच्या बाजूनं चालणारी माणसं थांबली. त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. पिवळं कार्ड दिसलं की पाय थांबतात, ही सवय पायांना पंधरा-वीस वर्षांत लागलेली होती. लेथवरचा जीवन तर एक पाऊल मागेसुद्धा सरकला.

“हे काय?” जेसीबीवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

“होल्ड,” चार-पाच जण एकदम म्हणाले.

धनराज पुढे आला. त्यानं एक कार्ड हातात धरून वाचलं. “होल्ड कुणी लावला?”

“मी,” सरिता म्हणाली.

“विधाते ताई, हा डोंगर आहे. आपलं स्टोअर नाही.”

“कारण लिहिलंय, वाचा. कॉलेजातल्या मॅडम उद्या तपासून सांगणार आहेत.”

त्यानं मोठ्यानं वाचलं. “मिक्सअपची शंका. एका लॉटमध्ये दोन पार्ट.” मागून कुणीतरी हसलं. धनराज हसला नाही. मिक्सअप हा शब्द त्याला सरितानंच शिकवला होता, त्याच्या पहिल्या आठवड्यात, त्यानं सोडलेला एक चुकीचा बुश त्याच्या तळहातावर ठेवून.

तिनं खालून आणलेली साधी सोनकी त्याच्या एका हातात दिली, पट्ट्यातली दुसऱ्या हातात. “उलटा करा पान.”

त्यानं केलं. “ही रोगट आहे.”

“मीही सात वर्षं तेच म्हणत होते,” सरिता म्हणाली, आणि मग ते वाक्य आलं. “तो पीस खराब नाही, त्याचं ड्रॉइंगच वेगळं आहे.”

माणसं सुतळीभोवती वाकली. एकमेकांना पानं उलटी करून दाखवू लागली. भिंग हातोहात फिरलं. “अरे, खरंच कापूस!” “खालच्याला नाहीये बघ.” “आयला, इतकी वर्षं आपण यावर बसून वडापाव खातोय!” चाळीस इन्स्पेक्टर एकाच वेळी कामाला लागल्यासारखे.

धनराजनं घड्याळ बघितलं. “ताई, जेसीबी आजच्या दिवसाचा आहे. साहेबांना फोटो पाठवायचेत. झाडं कुठे लावू, माझ्या डोक्यावर?”

“माझ्या बांधावर लाव की रं!” ठमाबाई मागून म्हणाल्या. “सात वर्षांमागं माझी खुरसणी तुडवलीस, आता झाडं लावून फेड. आन् फोटोत मलाबी घे.”

या वेळी धनराजला हसावं लागलं. जेसीबी वळला, उतारानं खाली गेला. दुपारपर्यंत पट्ट्याबाहेरच्या सगळ्या झाडांचे खड्डे बांधांच्या कडेनं झाले. पण जाताना धनराज सरितापाशी थांबला. त्याचा आवाज साहेबाचा होता आणि थोडा ट्रेनीचाही.

“वरचे तेवीस खड्डे राहिलेत, ताई. उद्या तुमच्या मॅडमनी साधीच सोनकी सांगितली, तर पुढच्या रविवारी ते तिथेच होतील. होल्ड तुम्हीच काढायचा.”

“नियम मला माहीत आहे,” ती म्हणाली.

सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर ती घरी न जाता थेट गंगापूर रोडला आली. अंगावर कारखान्याचा निळा कोट तसाच. पिशवीत जुन्या साठ कागदांचा गठ्ठा, वर्तमानपत्रांत दाबलेली तीन झाडं आणि डबीत पिकलेल्या बिया. पल्लवी मॅडमनी एक बी काचेवर ठेवली, सूक्ष्मदर्शकात बघितलं. चाक फिरवलं. दुसरी बी ठेवली. मग साध्या सोनकीच्या बिया काढून शेजारी ठेवल्या. एक जाड पुस्तक उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. सरिता स्टुलावर बसली होती. सव्वीस वर्षं लोक तिच्या टेबलापुढे असे उभे राहिले होते, तिच्या बोटांकडे बघत, आणि आज तीच टेबलाच्या त्या बाजूला होती. पंख्याचा आवाज मोठा होत चालला.

“या,” पल्लवी मॅडम म्हणाल्या. “स्वतः बघा.”

तिनं डोळा लावला. दोन बिया, दोन वेगळे देश. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बोट थांबलं होतं.

“तीच आहे,” पल्लवी मॅडम म्हणाल्या. “शंका नाही. सह्याद्रीत इतरत्र ती मिळते, अगदी दुर्मिळ म्हणता येणार नाही. पण आपल्या कपाटात नाशिकची ही पहिली. मी आजच कंपनीला आणि वनखात्याला पत्र लिहिते. तो पट्टा कुणी खणणार नाही याची जबाबदारी माझी.”

सरितानं बियांच्या डबीचं झाकण लावलं.

पल्लवी मॅडमनी जाड कागद काढला, त्याच्या कोपऱ्यात छापील चिठ्ठी चिकटवली. लांब लॅटिन नाव घातलं. ठिकाण, टाकीचा माळ. तारीख. मग त्यांनी पेन सरितापुढे केलं.

“दोन रकाने तुमचे. स्थानिक नाव, आणि कुणाला सापडली. कायमचं राहील हो हे इथे, नीट लिहा.”

सरितानं पेन घेतलं. पहिल्या रकान्यात तिनं लिहिलं, कापशी. दुसऱ्या रकान्यावर पेनाचं टोक थोडा वेळ थांबलं. खिडकीतून गंगापूर रोडची रहदारी वाजत होती. मग तिनं एकेक अक्षर सावकाश, होल्डच्या कार्डावर सही करताना काढते तसं काढलं. ठमाबाई भोये.

पल्लवी मॅडमनी वाचलं. “ह्या कोण?” त्यांनी विचारलं. “आणि तुमचं नाव?”

सरितानं पेनाला टोपण लावलं. ते कागदाच्या कडेला अगदी समांतर ठेवलं. पिशवीतून आपले जुने साठ कागद काढून टेबलावर ठेवले, भिंग कोटाच्या खिशात टाकलं, आणि “त्यांनी चार वर्षांपूर्वीच ओळखली होती, मी फेकत होते. माझं नाव या साठ कागदांवर पुरे,” एवढं सांगून दाराबाहेर निघून गेली.